मजुरीचा आकडा आणि मजुरीचे मोल

हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व येथे हाली शिक्का चाले. शेजारच्या वऱ्हाडात कलदार रुपया होता. सात हाली रुपयांस सुमारे सहा कलदार मिळत. म्हणून सात हाली मिळविणाऱ्या मजुराची प्राप्ती सहा कलदार मिळविणाऱ्यापेक्षा अधिक होती, असे कोणी म्हणत नसे. रुपया हे केवळ माप होय. त्यातून घरात येणारी ज्वारी, तेल व कापड हीच खरी मजुरी.

हे मापच कालांतराने आखूड होते, तेव्हा महागाई झाली असे आपण म्हणतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हिंदुस्थानात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. १९४५ पर्यंत त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. माल त्या मानाने वाढला नाही, यास्तव भाव भडकले. १९४० साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला तो महागाई भत्त्यासाठीच.

भत्ता ठरविण्यास निर्देशांक लागतो. मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी स्थापून कामगारांच्या राहणीखर्चाचा असा अंक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्याची रीत सोपी आहे. ठराविक जिनसांस पूर्वी १०० रुपये लागत व आता ११० लागतात, तर अंक ११० झाला. मजुरी ३०० वरून ३३० झाली, तरी मजूर होता तेथेच राहिला. ती ३१५ झाली, तर वाढ मिळूनही तो गरीब झाला.

सरकारी नोकरास या अंकानुसार भत्ता मिळतो. दुसऱ्याच्या शेतात खुरपणाऱ्या बाईस तो नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली महाराष्ट्रातील रोजंदारी २०२३-२४ साली २७३ रुपये, २०२४-२५ साली २९७ व २०२५-२६ साली ३१२ रुपये होती. म्हणजे वाढ प्रथम सुमारे पावणेनऊ टक्के, नंतर पाच टक्के. दर वर्षातून एकदा, १ एप्रिलला बदले. बाजारभाव मात्र एप्रिलची वाट पाहत नाहीत. मधल्या महिन्यांची तूट मजुराच्या ताटातून भरून निघते.

मजुरी वाढल्यानेच महागाई होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. उत्पादन न वाढता वेतन वाढले आणि कारखानदारास तो बोजा किमतीवर टाकता आला, तर भाव चढतात. परंतु हिंगोलीचा हळद पिकविणारा शेतकरी मजुरी वाढली म्हणून हळदीचा भाव वाढवू शकत नाही; तो भाव दूरच्या बाजारपेठांच्या आवकेवर व मागणीवर ठरतो. येथे मजुरीची वाढ किमतीत न जाता शेतकऱ्याच्या नफ्यातून जाते, आणि नफा नसेल तेव्हा कामाचे दिवसच कमी होतात.

तात्पर्य, मजुरीची वाढ मोजताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: दर किती, जिनसांचा भाव किती आणि वर्षात काम किती दिवस. यांपैकी पहिलीच पाहून समाधान मानणे म्हणजे हाली रुपये कलदार समजून मोजणे होय.