उन्हाळ्यात लॅपटॉप सांभाळा

परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या पोखर्णीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बहुतेक लॅपटॉप मात्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनविलेले असतात. पत्र्याखालच्या दुकानात जीएसटीची बिले करताना प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की आपला वेग आपणच कमी करतो. तरीही उष्णता वाढली तर लॅपटॉप बंद पडतो आणि न साठविलेला हिशेब जातो. बॅटरीचे आयुष्यही घटते.

व्यापारी व कारागीर बंधूंना आम्ही सुचवू की, लॅपटॉप गादीवर किंवा कापडाच्या ताग्यावर ठेवू नये. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हवा खालच्या जाळीतून आत जाते. ती वाट बंद होते. लाकडी फळीवर ठेवून मागची बाजू दोन बोटे उचलावी. गादीवाले व शिंपी यांच्याकडे कापसाचे तंतू जाळीत अडकतात. यंत्र बंद करून जाळी मऊ ब्रशने झाडावी. वर्षातून एकदा जाणकाराकडून आतला पंखा साफ करून घ्यावा. लांबलचक काम सकाळच्या गारव्यात उरकावे.

बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र वापर तत्काळ थांबवावा. तिला आग लागू शकते. घरातली एक फळी नव्या बॅटरीचा खर्च वाचवू शकते.