मानेचे ऑपरेशन : दवाखान्यातला मुक्काम कशाने वाढतो?



एरवी मी या पानावर बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. पण गटातून फिरताना मानेचे ऑपरेशन सांगितलेले सभासद भेटतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, "साहेब, किती दिवस मोडतील?" मी काही डॉक्टर नव्हे. डॉक्टर मंडळी याबाबत जे सांगतात ते समजून घेऊन येथे देत आहे.

मानेत सात मणके असतात. मणक्यांमधली गादी सरकली किंवा हाड वाढले, की हाताकडे जाणारी शीर दाबते. त्याने हातात कळ येते, पण पुष्कळांना औषधाने व व्यायामाने आराम पडतो. मधला मज्जारज्जूच दाबला गेला तर मात्र गोष्ट वेगळी. सदऱ्याची बटणे लागत नाहीत, चप्पल पायातून निसटते, तोल जातो, लघवीवरचा ताबा कमी होतो. अशा वेळी "पट्टा पडल्यावर बघू" म्हणून थांबू नये. चालणे बंद पडल्यावर ऑपरेशनला गेलेल्या माणसाचा मुक्काम लांबतो आणि गेलेली ताकद पुरती परत येईलच असे नाही.

मुक्काम वाढवणाऱ्या काही गोष्टी आपल्या हातात नसतात. वय पासष्टच्या पुढे असणे, जास्त मणक्यांचे काम असणे, हृदयाचा, फुफ्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असणे, ही त्यातली मुख्य. ऑपरेशन समोरून, म्हणजे गळ्याकडून, केले तर माणूस बहुधा लवकर घरी येतो. मागून केले तर स्नायू जास्त उकलावे लागतात, दुखणे जास्त असते आणि जखम चिघळण्याचा धोकाही वाढतो.

हातात असलेल्या गोष्टी अशा :

१) साखर. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी आधी करून घ्यावी. साखर वाढलेली असली की जखम भरत नाही आणि पू होतो.

२) तंबाखू. विडी-सिगारेटने छातीत कफ साठतो आणि जोडलेले हाड धरत नाही. ऑपरेशनपूर्वी सुमारे चार आठवडे धूम्रपान सोडल्यास गुंतागुंत कमी होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. चघळायची तंबाखू आणि मिश्री यांतही निकोटीन असते, हे विसरू नये.

३) रक्त. अंगात रक्त कमी असेल तर ते आधी भरून काढावे. ही तपासणी आपल्या भगिनींनी जरूर करावी.

४) औषधे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावी. ती आपल्या मनाने बंदही करू नये आणि लपवूही नये.

५) घर. सोबतीला माणूस, तळमजल्यावर खाट आणि जवळ संडास, ही सोय आधीच करावी. सोय नसली की घरी सोडणे लांबते, किंवा घरी येऊन माणूस पडतो.

एकदा घरी आलेला रुग्ण परत दाखल होतो तो बहुतेक करून जखमेत पू झाल्याने, गिळता न आल्याने, न्यूमोनियाने किंवा दुखणे आवरत नसल्याने. समोरून ऑपरेशन झाल्यावर काही दिवस घास अडकल्यासारखे वाटते. तेव्हा मऊ अन्न थोडे थोडे, बसून खावे. ताप, जखमेतून पाणी, लघवी अडणे, हातापायात नवी अशक्तता किंवा पोटरीला सूज दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गळा सुजून श्वास कोंडला तर मिनिटभरही थांबू नये.

खर्चाच्या बाबतीत, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आधीच विचारावे.

लागणीपूर्वी रान तयार करतो, तसेच शरीरही तयार करून मगच टेबलावर जावे. तोडीची चिंता असेल तर गट ऑफिसला किंवा चिटबॉयला अगोदर कळवा. पण तोडीसाठी डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढे ढकलू नका, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी