कार्यकर्ता घडतो कसा? – ७ : पार्लरवाल्या बाईंचा वर्ग

या आठवड्यात मिनेसोटातल्या वेलस्टोन शिबिरांकडे, म्हणजे उमेदवारांच्या तयारीकडे वळायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या शनिवारी. बाबासाहेबांनी १९५६ साली मुंबईत काढलेल्या प्रशिक्षण शाळेवरचा लेख वाचून सांगोला तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं. ग्रामपंचायतीला उभ्या राहू पाहणाऱ्या बायकांसाठी त्या वर्ग काढताहेत. त्यांनी विचारलंय, "शिकवायला निवृत्त गटविकास अधिकारी बोलवू, की कॉलेजातले प्राध्यापक?" हा प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाणं मला जमेना. अभ्यासक्रम कितीही घोटून तयार केला, तरी वर्ग तरतो की बुडतो हे शिकवणाऱ्यावरच ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी जॉन्स आयलंडला जावं लागेल. साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळचं हे बेट. १९५० च्या दशकात इथे शेतमजुरी करणारी किंवा शहरात गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी करणारी कृष्णवर्णीय वस्ती होती. मतदार यादीत नाव घालायचं तर राज्यघटनेतला कुठलाही भाग अधिकाऱ्यासमोर वाचून दाखवायचा, नाहीतर किमान ३०० डॉलर मूल्यांकनाची मालमत्ता दाखवायची. दोन्ही वाटा बहुतेकांना बंदच. ईसॉ जेंकिन्स हा तिथला खटपट्या माणूस स्वतःची बस चालवायचा. कामाला निघालेल्या उतारूंना तो वाटेतच घटनेची कलमं समजावून सांगायचा. एका बाईंनी तर तो मजकूर तोंडपाठ केला आणि म्हणून दाखवून नोंदणीही मिळवली. पण आपल्याला वाचता येत नाही ही खंत त्यांच्या मनातून जाईना.

१९५४ मध्ये जेंकिन्स टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेत गेला. (माइल्स हॉर्टन यांची ही शाळा नियमित वाचकांना आठवत असेलच.) त्याला तिथे नेलं सेप्टिमा क्लार्क यांनी. चर्चा संयुक्त राष्ट्रांवर चालली होती. जेंकिन्सने मात्र आपल्या बेटाचीच अडचण मांडली : माझ्या माणसांना वाचायला शिकवा, म्हणजे ती मत देतील. त्यातून मोठ्यांचा रात्रवर्ग काढायचं ठरलं. शाळेची, चर्चची जागा मागितली, पण भीतीपोटी कुणी देईना. शेवटी हायलँडरकडून कर्ज घेऊन एक जुनी इमारत विकत घेतली. पुढच्या बाजूला किराणा दुकान, मागे दोन खोल्या. त्या खोल्यांना खिडक्या ठेवल्या नाहीत. गोऱ्यांना दिसावं ते दुकान, एवढाच हेतू.

आता शिकवणार कोण? सेप्टिमाबाई स्वतः हाडाच्या शिक्षिका. अठराव्या वर्षी त्यांनी याच बेटावर पहिली नोकरी केली होती. तरीही त्यांनी आणि हॉर्टननी एक गोष्ट पक्की केली, की पेशाने शिक्षक असलेलं कुणी नको. एक तर असा माणूस मोठ्यांनाही पोरासारखं वागवतो. शिवाय त्याचा पगार सरकारचा. १९५६ मध्ये राज्याने कायदाच केला, की सरकारी नोकराने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचं सभासद राहायचं नाही. सेप्टिमाबाईंनी सभासदत्व सोडलं नाही, तेव्हा इतक्या वर्षांची नोकरी आणि पेन्शन दोन्ही गेली.

त्यांनी गळ घातली ती नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना. या बाईंचं चार्ल्सटनमध्ये ब्यूटी पार्लर होतं, जोडीला शिवणकाम. गिऱ्हाइकं सगळी कृष्णवर्णीय बायका. म्हणजे कुठल्या गोऱ्या मालकाने काढून टाकलं म्हणून चूल विझणार नव्हती. शिवाय बायका तिथे खुर्चीत निवांत बसून मोकळेपणाने बोलायच्या. कोणाच्या घरात काय चाललंय, कोण कशाला घाबरतंय, हे बर्निसबाईंना मुद्दाम विचारावं लागत नव्हतं. त्या मात्र नाहीच म्हणत होत्या. आपण शिक्षिका नाही, हेच त्यांचं कारण, आणि निवडणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं.

७ जानेवारी १९५७ ला वर्ग सुरू झाला. शेतीची कामं थंडावलेले हे दिवस मुद्दाम निवडले होते. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास. पहिल्या दिवशी १४ जण आले. बर्निसबाईंनी पहिलीच्या पोरांची पुस्तकं मागून आणली होती. समोर हातांना घट्टे पडलेली, वाकलेली माणसं पाहिली आणि त्यांनी ती पुस्तकं बाजूला सारली. सरळ विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला अंगठ्याऐवजी सही करायची होती, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तोच अभ्यासक्रम झाला. पुठ्ठ्यावर ज्याचं त्याचं नाव ठळक लिहून दिलं. त्यावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची, हाताला वळण बसेपर्यंत. भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता : वर्ग संपेल तेव्हा हा सगळ्यांना वाचता आला पाहिजे. पासष्टीच्या एका बाईंनी फळ्यावरच्या नावांमध्ये स्वतःचं नाव ओळखलं, बर्निसबाईंच्या हातातली पट्टी घेतली आणि पुढे होऊन आधी नाव, मग आडनाव दाखवलं. तो प्रसंग सांगताना आपल्या अंगावर काटा येतो, असं बर्निसबाई पुढे म्हणत.

पहिल्या तुकडीतल्या बहुतेकांची नोंदणी झाली. शेजारच्या वॅडमलॉ आणि एडिस्टो बेटांवरून मागणी आली. १९६१ मध्ये टेनेसी सरकारने हायलँडरला टाळं ठोकलं, तेव्हा हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेलं. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात गावोगावचे लोक येऊन शिकवायला शिकू लागले. सेप्टिमाबाईंच्या अटी साध्या होत्या : मोठ्याने नीट वाचता यावं आणि फळ्यावर स्वच्छ लिहिता यावं. पदवी कुणी विचारत नसे. मिसिसिपीच्या कापूसमळ्यात राबलेल्या फॅनी लू हेमर याच प्रशिक्षणातून गेल्या. जून १९६३ मध्ये अशाच एका वर्गाहून परतताना विनोना गावच्या तुरुंगात त्यांना बेदम मारहाण झाली. पुढच्याच वर्षी त्या अमेरिकी काँग्रेससाठी उभ्या राहिल्या.

एक गोष्ट मात्र मला डाचत राहते. एवढं करूनही सेप्टिमाबाई किंग यांच्या संघटनेच्या कार्यकारी मंडळात कशाला, असं रॅल्फ ॲबरनॅथी यांच्यासारखे सहकारी विचारत. चळवळीतल्या पुरुषांनी बायकांचं ऐकून घेतलं नाही, हे सेप्टिमाबाईंनी उतारवयात स्पष्ट बोलून दाखवलं. ताई, हे तुमच्याकडेही होईल. वर्ग बायकांनी चालवायचा आणि समारोपाला व्यासपीठावर दुसरेच, हे पहिल्या दिवसापासून होऊ देऊ नका.

तर उत्तर असं. गटविकास अधिकाऱ्यांना एक दिवस जरूर बोलवा, ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक त्यांच्याइतकं कोण उलगडणार? पण वर्ग त्यांच्या हाती देऊ नका. अंगणवाडी सेविका, आशा ताई हुशार असतात, त्यांचंच नाव आधी सुचेल. पण त्यांचं मानधन कुठून येतं ते पाहा, त्यांच्यावर दबाव आणणं सोपं. शिवणकाम करणारी, पिठाची गिरणी चालवणारी, पार्लरवाली अशी कुणी शोधा. ती नको म्हणेल. तिला आठवडाभर तयार करा आणि सोबत बसा. पहिल्या तासाला पंचायत राज कायदा काढू नका. घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, ग्रामसभेची नोटीस, यांतलं काय वाचायचंय ते बायकांनाच विचारा. उमेदवारी अर्ज महिन्याभराने आला तरी चालेल.

आणि वर्ग घेणारी स्वतः उभी राहणार का, हेही तुम्ही विचारलंय. बर्निस रॉबिन्सन १९७२ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या विधानसभेसाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. सेप्टिमाबाई १९७५ मध्ये चार्ल्सटन जिल्ह्याच्या शाळा मंडळावर निवडून आल्या. तेव्हा त्यांचं वय सत्याहत्तर होतं. तुमच्या पहिल्या तासाला बायकांनी काय मागितलं, ते मला जरूर कळवा.