विघ्नहर्त्याच्या दारातील खड्डा

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली, की गल्लोगल्ली बांबू, वासे आणि ताडपत्र्या येऊन पडतात व मंडपाचे खांब रोवण्यासाठी रस्त्यावर पहारीचे घाव बसू लागतात. अनंत चतुर्दशीस श्रींना निरोप दिला जातो, मंडप उतरतो, आरास विसरली जाते. खड्डे तेवढे मागे राहतात. विघ्नहर्त्याचा उत्सव आटोपावा आणि त्याच्याच दारात वाटसरूच्या पायाखाली विघ्न उरावे, ही विसंगती मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

मुंबईत अशा खड्ड्यांबद्दल महानगरपालिका मंडळांना दंड आकारते. दर खड्ड्यामागे २,००० रुपये असलेला हा दंड २०२५ साली १५,००० रुपयांवर नेण्यात आला. मंडळांकडून तीव्र विरोध झाला आणि उत्सवापूर्वीच तो पुन्हा २,००० वर आणण्यात आला. घरगुती आराशीलाही असे नियम लागू आहेत. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हा पहिल्या गुन्ह्यास ५,००० व दुसऱ्यास १०,००० रुपये दंड ठरला. तिसऱ्यास २५,००० रुपयांसह तीन महिन्यांचा कारावास. थर्माकोलची मखरे त्यामुळेच देव्हाऱ्यापुढून दूर झाली.

उत्सवात सरकारी दंड कशाला, असे भाविक मनास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही रीत परकी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पणाचा आठवा हिस्सा, तर चिखलपाण्याने वाट अडविणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे. राजमार्गावर हाच दंड दुप्पट होई. देवालय, पाणवठा व पुण्यस्थान येथे घाण करणाऱ्यास एक पणापासून चढता दंड असे. मात्र आजार, औषध वा भीती यांमुळे तसे घडल्यास तो माफ होई. पावित्र्य राखण्यासाठी धाक आणि न्यायासाठी विवेक, असे दोन्ही त्यात होते.

तरीही दंड म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. मंडळाचा दंड मात्र अखेर वर्गणीतूनच भरला जातो. आजीने पदराच्या गाठीतून काढून दिलेला रुपया मोदकाच्या नैवेद्यास न लागता खड्ड्याच्या पावतीस लागतो. पहार मारणाऱ्यास त्याची झळ नाही आणि पावती फाडल्याने खड्डाही बुजत नाही. दंड कमी असेल तर तो खर्चाच्या वहीतील एक ओळ होतो; फार मोठा असेल तर लहान मंडळाचा कणा मोडतो. दंडाची ही मर्यादा कोणत्याही पालिकेला ओलांडता आलेली नाही.

म्हणून आमची प्रत्येक घरास विनंती एवढीच, की यंदा वर्गणीचे पुस्तक दारी येईल, तेव्हा मूर्ती किती फुटांची हे विचारण्याआधी खांब कसे उभारणार हे विचारावे. वजनदार बैठकीवर, रस्ता न खणताही मंडप उभा राहतो. आणि खणलाच, तर विसर्जनाहून परतलेल्या हातांनीच तो बुजवावा. उत्तरपूजेचे ते शेवटचे अंग आम्ही मानतो.