मातेची चिकाटी

‘मूल मंदबुद्धीचे आहे’ एवढे सांगून वैद्यकशास्त्र पूर्वी मौन धरीत असे. नॉर्वेतील बोर्गनी एगेलंड या मातेस ते मौन मान्य झाले नाही. लिव्ह व डॅग ही तिची दोन्ही मुले जन्मतः सुदृढ दिसत. पुढे मात्र त्यांची बुद्धी खुंटली. त्यांच्या मूत्राला विचित्र वास येई. त्याचे कारण विचारीत ती अनेक डॉक्टरांकडे गेली. अखेर १९३४ साली ऑस्लोच्या डॉ. फॉलिंग यांनी तिचे म्हणणे मनावर घेतले. मूत्रात फेरिक क्लोराइड टाकताच हिरवा रंग उमटला आणि शोधाचा धागा हाती आला.

प्रथिनांतील फिनाइल-ॲलनीन या घटकाचे योग्य रूपांतर या मुलांच्या शरीरात होत नाही. तो साचून मेंदूस अपाय करतो. या विकारास फिनाइलकिटोन्यूरिया म्हणतात. १९५३ मध्ये त्यावरील पथ्याहार प्रसिद्ध झाला. पुढे रॉबर्ट गथ्री या अमेरिकन संशोधकाने अर्भकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबांवरून हा विकार ओळखण्याची चाचणी सिद्ध केली. मंदबुद्धी मुलाचा पिता असल्याने त्याला ही तळमळ होती. जन्मल्यावर लगेच पथ्य सुरू केले, तर बालकाची बुद्धी शाबूत राहते.

लिव्ह व डॅग यांना हे औषध वेळेवर लाभले नाही. परंतु त्यांच्या मातेच्या प्रश्नामुळे असंख्य परकी मुले वाचली.