मोटारीचा मिस्त्री आणि चिमुकलें चलच्चित्र

मोटार बिघडली म्हणजे मालकाच्या मनांत शंका येते कीं, मिस्त्री सांगतो तितका खर्च खरोखर आवश्यक आहे काय? आंतील यंत्र बहुतेकांस कळत नाहीं. म्हणून या धंद्यांत विश्वास हेंच मोठें भांडवल होय.

तो विश्वास मिळविण्याचें एक नवें साधन म्हणजे फोनवरील चिमुकलें चलच्चित्र. सन २०२० च्या जून महिन्यांत भारतांत टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षीं इन्स्टाग्रामचे ‘रील्स’ व यूट्यूबचे ‘शॉर्ट्स’ येथें सुरू झाले. गॅरेजवाल्यास यांवर फुकट जाहिरात करतां येते.

पण दाखवावें काय? ब्रेक-पॅडचें उदाहरण घेऊं. नव्या पॅडचा घर्षणाचा थर साधारणतः १० मिलिमीटर जाड असतो. तो झिजून ३ मिलिमीटरांवर आला कीं पॅड बदलणें इष्ट. मिस्त्रीनें जुना व नवा पॅड शेजारीं ठेवून पट्टीनें मापून दाखवावे. झिजलेला पॅड आरंभींच दिसावा, नाहीं तर पाहणारा पुढें निघून जातो. एका चित्रांत एकच गोष्ट सांगावी व शेवटीं पत्ता द्यावा. गिऱ्हाइकाची संमति घ्यावी आणि गाडीचा क्रमांक झांकावा.

चांगला पॅड झिजलेला म्हणून दाखविणें ही फसवणूक होय. झिजलेल्यास चांगला म्हणणें तर एखाद्याच्या जिवावर बेतेल. ज्यांच्या घरीं हा धंदा आहे, त्या विद्यार्थ्यांनीं वडिलांस चित्रणांत अवश्य साहाय्य करावें. मात्र पट्टीवर जें माप दिसेल, तेंच सांगावें.