नवी विंडोज आली की नाक का मुरडतो आपण?

शहागंजजवळ आमच्या मामूंचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. शादीच्या हंगामात तिथे उभं राहायलाही जागा नसते. आपल्याकडच्या पत्रिकेची एक बाजू उर्दू, दुसरी मराठी. उर्दू मजकूर इनपेजमध्ये, मराठी श्रीलिपीत, आणि मग प्रिंटरवर प्रूफ. मागच्या महिन्यात आम्ही घरातले सगळे भाचीची पत्रिका करायला गेलो, तेव्हा मामूंनी कामाआधी दुसराच प्रश्न टाकला : "विंडोज टेन बंद झाली म्हणतात. अकरा टाकू का? की मागल्यासारखी फजिती होईल?"

फजितीची त्यांची भीती जुनी आहे, आणि ती एकट्या त्यांची नाही.

विंडोज एक्सपी २००१ साली आली. लोकांना ती इतकी अंगवळणी पडली की जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ती पाहुणीसारखी वाटली, तीही खर्चिक पाहुणी. एक्सपीला १२८ एमबी मेमरी पुरेशी मानली जायची. व्हिस्टाला किमान ५१२ एमबी लागे, आणि तिची सगळी सजावट हवी असेल तर एक जीबी. अनेक जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर तिच्यासाठी तयारच नव्हते. शिवाय काहीही करायला जावं तर परवानगी मागणारी खिडकी पुढ्यात. हेतू सुरक्षेचा होता, पण दहाव्यांदा कोण वाचतो? लोक न वाचताच 'हो' म्हणू लागले. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना प्रिंटर मुका झाला, तर दुकानदाराला विंडोजचे गुण दिसणार कसे?

आता गंमत ऐका. एक्सपीवर मराठी किंवा उर्दू नीट दिसायला हवी असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि बहुधा विंडोजची सीडी शोधावी लागे. ती सीडी कोणाच्या घरी सापडायची? व्हिस्टात ही सोय आधीपासूनच बसवलेली आली. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांचं भलं याच बदनाम विंडोजने केलं, आणि त्याची दखल कोणी घेतली नाही.

ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली आणि सगळे खूश. खरं तर ती व्हिस्टाच्याच पायावर उभी होती. आतून व्हिस्टाचा क्रमांक ६.०, तर सातचा ६.१. तोवर प्रिंटरवाल्यांनी ड्रायव्हर तयार केले होते, संगणकांची मेमरी वाढली होती आणि परवानगीच्या खिडक्या कमी केल्या होत्या.

विंडोज ८ ची कथा वेगळी. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्ट बटण ऑक्टोबर २०१२ मध्ये गायब झालं. एमएस-सीआयटीच्या वर्गात आपल्या मुलींनी पहिला धडा गिरवला तो याच बटणाचा. आता त्या जागी रंगीत चौकोन, बोटाने ढकलायचे. पण घरोघरी होता तो माऊस. संगणक बंद कसा करायचा, हेही विचारावं लागे. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आलं, मेन्यू मात्र २०१५ च्या विंडोज १० मध्ये. स्वयंपाकघरातले डबे एका रात्रीत कोणी हलवून ठेवावेत, तसंच हे. नवी मांडणी चांगली असेलही, पण सकाळी चहाची पत्ती सापडत नाही त्याचं काय?

आणि याच विंडोज ८ सोबत उर्दूचा नस्तालीक फॉन्ट पहिल्यांदा विंडोजमध्येच मिळाला. मामूंना हे आम्ही सांगितलं तेव्हा ते हसले. "बटण शोधण्यात फॉन्ट कोण बघतो?"

विंडोज ११ ची अडचण दारातच आहे. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. मामूंचा सातव्या पिढीचा. संगणक धडधाकट चालतो आहे, पण यादीत बसत नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती संगणकांसाठी नोंदणी करून ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवता येते. त्यापुढे नवा संगणक, किंवा लिनक्स. सीडॅकची 'बॉस' ही लिनक्स मराठी आणि उर्दू दोन्ही जाणते. मुलांच्या अभ्यासाला, पत्र लिहायला ती पुरे. पण मामूंच्या शेकडो पत्रिका जुन्या इनपेजच्या फाइलींत आहेत. त्या युनिकोडमध्ये नाहीत, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाहीत. जुन्या मराठी फॉन्टचंही तेच. फॉन्ट नसला की शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ज्याच्या हातात वीस वर्षांचं काम आहे, त्याने नव्या विंडोजला घाबरावं यात अडाणीपणा नाही.

शेवटी ठरलं ते असं : जुना संगणक इनपेजपुरता राहील, त्याची इंटरनेटची तार काढलेली. सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. बँकेचं आणि ईमेलचं काम वेगळ्या संगणकावर, तो ईदनंतर घ्यायचा. आणि घेण्याआधी दुकानातला प्रिंटर त्यावर चालतो का, ते मामू स्वतः छापून बघणार आहेत. चाचणीसाठी भाचीचीच पत्रिका काढायची म्हणतात.